संगणकीय संग्राहकांचे आयुर्मान
वीज बंद झाल्यावरही संगणकातील माहिती टिकवून धरणारी दोन प्रमुख साधने म्हणजे चुंबकीय हार्ड डिस्क आणि अर्धसंवाहकी घन-अवस्था संग्राहक (एसएसडी) ही होत. यांपैकी कोणते साधन अधिक काळ टिकते, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कारण पहिले मुख्यतः फिरण्याने झिजते, तर दुसरे लिहिण्याने. शिवाय साधन टिकणे व त्यातील माहिती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

हार्ड डिस्क प्रथम १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या ‘रॅमॅक’ या संगणकाबरोबर प्रचारात आली. सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेत रेनल्ड बी. जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १,२०० फेरे या गतीने फिरत व सु. ५० लाख अक्षरे मावत. लेखन-वाचन करणारे शीर्ष दाबाखालील हवेच्या साहाय्याने तबकडीपासून सु. २० मायक्रोमीटर अंतरावर तरंगत ठेवले जाई. साठवणक्षमता वाढवावयाची, तर हे अंतर कमी करीत नेणे भाग होते. आज ते अवघे काही नॅनोमीटर आहे. इतक्या अरुंद फटीत धूलिकण शिरला किंवा पेटीस धक्का बसला, तर शीर्ष तबकडीवर आदळून चुंबकीय लेप खरवडला जातो. यावर १९७३ च्या ‘विंचेस्टर’ पद्धतीने चांगला तोडगा काढला. तीत तबकड्या व शीर्षे एकाच बंद पेटीत ठेवण्यात आली, शीर्ष अतिशय हलके करण्यात आले आणि यंत्र थांबताच ते वंगण दिलेल्या तबकडीवरच अलगद उतरू लागले. पुढील सर्व हार्ड डिस्का याच घराण्यातील होत. तथापि धारवा, चलित्र व शीर्ष हे हलते भाग राहिलेच. बिघडू लागलेली डिस्क पुष्कळदा आवाज करते, ही मालकावर एक प्रकारे कृपाच म्हटली पाहिजे. मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

एसएसडीचे मूळ बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या तरंगत्या द्वाराच्या ट्रँझिस्टरात आहे. त्यात सर्व बाजूंनी निरोधकाने वेढलेल्या एका सूक्ष्म भागात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. त्यांचे असणे-नसणे हीच नोंद. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी याच तत्त्वावर फ्लॅश स्मृती विकसित करून ती १९८४ मध्ये जाहीर केली. तिचा अधिक दाट असा ‘नँड’ प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. सनडिस्क (नंतरची सँडिस्क) कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमला पुरविलेल्या २० मेगाबाइटच्या एसएसडीची किंमत सु. १,००० डॉलर होती.

या साधनात हलता भाग नाही, परंतु झीज आहे. माहिती पुसताना व लिहिताना उच्च विद्युत् दाबाने इलेक्ट्रॉन निरोधकातून पलीकडे ढकलावे लागतात आणि दर खेपेस निरोधक किंचित दुबळा होतो. एका कोशिकेत एकच अंक साठविल्यास ती सु. १ लाख वेळा पुसता येते. स्वस्ताईसाठी एकाच कोशिकेत दोन, तीन व पुढे चार अंक साठविण्यात येऊ लागले. तेव्हा विद्युत् भाराच्या अनुक्रमे ४, ८ व १६ पातळ्या ओळखणे आवश्यक झाले आणि ही मर्यादा काही हजारांवर व त्याहूनही खाली आली. म्हणून नियंत्रक लेखन सर्व कोशिकांवर सारखे वाटून देतो.

उत्पादक हार्ड डिस्कचा ‘अपयशापर्यंतचा सरासरी काल’ १० लाख तास वा अधिक सांगतात. हे सु. ११४ वर्षे होतात. पण एकही डिस्क इतकी चालेल, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यावरून वर्षाला शेकडा ०·८८ डिस्का निकामी होतील, एवढेच निघते. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सु. १ लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे प्रमाण बहुधा शेकडा २ ते ४, तर काही ठिकाणी १३ पर्यंत आढळले. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखविले की, निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्वयंनिरीक्षणाच्या चार प्रमुख संकेतांपैकी एकही आधी दिला नव्हता.

एसएसडीविषयीची तितकीच महत्त्वाची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. श्रोडर व गूगलमधील त्यांचे सहकारी यांना सहा वर्षांच्या नोंदींत असे दिसले की, चार वर्षांत शेकडा ४ ते १० एसएसडी बदलाव्या लागतात. म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा त्या कमी मोडतात. परंतु त्याच काळात शेकडा २० हून अधिक एसएसडींत दुरुस्त न होणारी निदान एक तरी चूक उद्‌भवते, आणि या बाबतीत त्या हार्ड डिस्कपेक्षा उण्या ठरतात. किती वेळा पुसले यापेक्षा साधनाचे वय अधिक महत्त्वाचे ठरले, हाही निष्कर्ष अनपेक्षित होता. लेखनाच्या मर्यादेची जी धास्ती प्रथमपासून होती, ती सामान्य वापरापुरती अतिरंजित होती, असे यावरून म्हणता येते.

विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतून विद्युत् भार हळूहळू गळतो व उष्णतेने ही गळती वाढते. २०१० च्या जेडेक मानकानुसार, ठरलेले सर्व लेखन संपलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीने ३०° से. तापमानात विजेविना एक वर्ष माहिती राखली पाहिजे. मोठ्या यंत्रणांतील एसएसडीसाठी ही अट ४०° से. तापमानात तीन महिने आहे. २०१५ मध्ये यावरून नव्या एसएसडीही थोड्याच काळात कोऱ्या होतात, असा गैरसमज पसरला. वस्तुतः ही अट झिजून गेलेल्या साधनासाठी आहे.

कोशिका शाबूत असूनही नियंत्रकातील आज्ञावलीच्या दोषाने साधन निकामी होऊ शकते. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तासांनी, बंद पडतील व त्यांतील माहिती परत मिळणार नाही, असे ग्राहकांना कळविले आणि सुधारित आज्ञावली पुरविली. ३२,७६८ हा २ चा १५ वा घात आहे. एकाच दिवशी बसविलेल्या अशा एसएसडी जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार असल्याने, एकीची प्रत दुसरीवर ठेवणाऱ्यांनाही त्या प्रतीचा उपयोग झाला नसता.