रोग न करणारा विषाणू: बियाण्यातून चालत आलेला इतिहास

मंडळी, कणकवलीत भाताच्या दुखण्यावर बोलायचं म्हटलं की करपा आणि तुडतुडे आधी आठवतात. आज मात्र ज्याच्यामुळे भाताचं रोप आजारीच पडत नाही, अशा विषाणूची गोष्ट सांगतो. कुणी म्हणेल, "रोगच नाय, तर विषाणू कसलो?" शास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता.

सुरुवात बाकल्याच्या शेंगेपासून झाली. 1981 मध्ये ग्रिल आणि गार्गर यांनी '447' या नरवंध्य बाकल्यात लांबलचक दुपेडी आरएनए सापडल्याचं प्रसिद्ध केलं. नरवंध्य म्हणजे परागकण निकामी. संकरित बियाणं करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कर्जतच्या केंद्राचं 'सह्याद्री' हे 1998 चं संकरित भातही नरवंध्य ओळीवर उभं आहे. पण तिथे वंध्यत्वाचं मूळ मायटोकॉन्ड्रियात आहे, विषाणूत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

पुढे 1990 च्या दशकात जपानमध्ये तोशियुकी फुकुहारा आणि सहकाऱ्यांना तसाच, सुमारे 14,000 अक्षरांचा आरएनए 'निप्पोनबारे' या धडधाकट भातात दिसला. याला कवचच नाही! त्यामुळे तो शेजारच्या रोपात जात नाही, किड्यावरही बसत नाही. परागकणातून आणि बीजांडातून, म्हणजे फक्त बियाण्यातून पुढच्या पिढीत जातो. जपोनिका वाणांत तो मिळाला, तपासलेल्या इंडिका वाणांत नाही. रानटी भातात मात्र त्याचा भाऊबंद निघाला. म्हणजे हा विषाणू भाताच्या घराण्याची वंशावळच सांगतो, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

नाव पडलं एंडॉर्नाव्हायरस, आणि दुपेडी विषाणूंचं एक कुळ मानलं गेलं. नंतर जनुकांची तुलना झाली तेव्हा कळलं, की त्याचं नातं एकपेडी विषाणूंशी आहे. पेशीत साठलेलं दुपेडी रूप हा प्रती काढतानाचा टप्पा. कुळाचं खातंच बदललं.

आता आपलं वालय घ्या. आजीनं कणगीत राखलेलं बी सुनेनं पेरलं, की त्याबरोबर काय काय चालत येतं हे शेतात उभं राहून कळत नाही. पानं कुटून, सेल्युलोजच्या भुकटीतून रस गाळून, जेलवर एक पट्टी उमटते का ते बघावं लागतं.