तोरणमाळचा आडहंगाम

सातपुड्याच्या कुशीतील तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण खानदेशातील वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे साडेअकराशे मीटर. उन्हाळ्याच्या सुटीत तापीकाठच्या उकाड्याला कंटाळलेली कुटुंबे तेथे चार दिवस विसाव्याला जातात. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेसाठी भाविकांची रीघ लागते. या दोन्ही वेळा टाळून मी यंदा जानेवारीत तेथे गेलो. शहाद्याहून पंचावन्न किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, शेवटी सातपायरीचा वळणावळणाचा घाट. यशवंत तलावावर धुके पसरले होते. सीताखाईच्या कड्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हते. अशी निवांत जागा लाभल्याबद्दल मी स्वतःला धन्य मानीत होतो.

तलावाकाठी एक वृद्ध पावरा गृहस्थ शेळ्या राखीत बसले होते. ते म्हणाले, "फादर, आत्ता कशाला आलात? आत्ता इथे कोणी नसते."

मला वाटले, ते सहलीच्या मंडळींविषयी बोलत आहेत. म्हणून म्हणालो, "बाबा, गर्दी नको म्हणूनच आलो."

त्यांनी हाताने खालच्या पाड्याकडे खूण केली. तेथील बहुतेक घरांची दारे बंद होती. "पोरे, सुना, सगळी ऊस तोडायला गेली. होळीला येतील," ते म्हणाले.

मी ज्या शांततेचे कौतुक करीत होतो, तिचे कारण मला असे कळले. परतीच्या वाटेवर 'हंगाम' या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही. एखाद्या गावाचा हंगाम कोणता व आडहंगाम कोणता, हे ठरवते कोण?

या प्रश्नाचे एक उत्तर युरोपच्या इतिहासात सापडते. फ्रान्सच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राकाठी नीस हे शहर आहे. आज उन्हाळ्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळा हा आडहंगाम समजला जातो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र नेमके उलटे होते. अठराव्या शतकात टोबायस स्मॉलेट हा ब्रिटिश लेखक प्रकृतीस्वास्थ्यासाठी तेथे राहिला आणि १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनामुळे तेथील सौम्य हिवाळ्याची कीर्ती इंग्लंडमध्ये पसरली. पुढे क्षयाचे रुग्ण व धनिक कुटुंबे हिवाळा काढण्यास तेथे जाऊ लागली. १८२० च्या दशकात लुईस वे या अँग्लिकन धर्मोपदेशकाने पुढाकार घेऊन बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून समुद्राकाठी पायवाट बांधवून घेतली. 'इंग्रजांचा फेरफटका' या अर्थाच्या नावाने तो रस्ता आजही प्रसिद्ध आहे. १८६४ साली आगगाडी आली आणि १८९० च्या दशकात व्हिक्टोरिया राणीही तेथे मुक्कामास येऊ लागली. उन्हाळा सुरू होताच पाहुणे परतत आणि हॉटेलांना टाळी लागत.

हे चित्र पालटले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९२३ साली गेराल्ड व सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून जवळच्या आँतिब येथील एक हॉटेल प्रथमच उन्हाळाभर उघडे राहिले. समुद्रस्नानाची व ऊन अंगावर घेण्याची नवी आवड रूढ झाली. १९३६ साली फ्रान्सच्या कायद्याने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि सामान्य मजुरांची कुटुंबेही समुद्र पाहू लागली. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही हिवाळी विश्रामनगरी म्हणूनच! तात्पर्य, हवामान तेच राहिले, हंगाम मात्र बदलला. रेल्वे, पैसा, आवड व कायदा यांनी तो घडविला.

आता तोरणमाळकडे पाहू. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांनी महाबळेश्वर वसविले. ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरानचा शोध लावला व १९०७ साली तेथे छोटी आगगाडीही चढली. तोरणमाळच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. ते मुंबई-पुण्यापासून दूर, आणि पावसाळा सरल्यावर सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाचा कहर असे. म्हणून हा डोंगर दीर्घकाळ नाथपंथी यात्रेकरूंचा आणि भिल्ल-पावरा बांधवांचाच राहिला. उन्हाळी सहलींचा हंगाम अलीकडच्या काळातला.

पण अक्राणी तालुक्यातील माणसांच्या जीवनावर राज्य करणारा हंगाम निराळाच आहे. तो आहे उसाच्या गाळपाचा. १९५० च्या दशकात गुजरातेत बारडोलीस सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्यापाठोपाठ दक्षिण गुजरातेत इतर कारखाने उभे राहिले. ऊसतोडीसाठी मजूर आले ते खानदेशातून. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या मजुरांच्या हालअपेष्टांचा अभ्यास करून त्या जगासमोर मांडल्या. पावसाळ्यात डोंगरउतारावर एक पीक निघते. पुढे हाताला काम नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे घर सोडतात. नवराबायकोची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते. सोबत मुलेही जातात आणि त्यांच्या शाळेतील जागा रिकाम्या राहतात.

होळीच्या सुमारास मात्र सारे परततात. भोंगऱ्याचा बाजार भरतो, काठी येथील राजवाडी होळीला रात्रभर ढोल घुमतात. डोंगर पुन्हा नांदता होतो. तोरणमाळचा खरा हंगाम कोणता, असे त्या वृद्धाला विचारले असते, तर त्यांनी मे महिन्याचे नव्हे, या दिवसांचेच नाव घेतले असते.

फ्रान्समधील मजुरांना रजा मिळाली तेव्हा समुद्रकाठ त्यांचाही झाला. आपल्या सातपुड्यातील मजुरांना आधी स्वतःच्या घरी राहण्यापुरते काम मिळायचे आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. त्याचे काम वेळेवर, गावाजवळ व पुरेसे मिळाले, तर कितीतरी दारे उघडी राहतील. वाचकहो, आपण आडहंगामात तोरणमाळला अवश्य जावे. तलाव पाहावा, सीताखाई पाहावी. आणि परतण्यापूर्वी पाड्यातील बंद दारांसमोर क्षणभर थांबून, ही माणसे कोठे गेली, एवढे तरी विचारावे. मला ते विचारावे लागले नाही. शेळ्या राखणाऱ्या त्या बाबांनीच सांगितले. नाहीतर मी शांततेची स्तुती करीतच घाट उतरलो असतो.