एका 'नाही'ची किंमत

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. मी येथे एका गावाच्या सभेचा इतिहास सांगणार आहे.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. त्या भागात इचमपल्ली व भोपालपट्टणम ही दोन मोठी धरणे व्हायची होती. जंगल बुडणार म्हणून लोक उठले व १९८४ साली 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्यातून मेंढ्याच्या लोकांनी घेतले ते एवढेच, की आपल्या गावचे आपण ठरवायचे. देवाजी तोफा हे त्याच गावचे. त्यांना मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ मिळाली.

ठरवायचे कसे, हे मात्र पाहण्यासारखे आहे. तेथे हात मोजत नाहीत. एकाने जरी 'नाही' म्हटले तरी निर्णय थांबतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. शिवाय निराळा अभ्यासगट असतो. त्यात बाहेरचे जाणकारही बसतात, पण तेथे निर्णय होत नाही. नुसते विचारायचे नि ऐकायचे. (आपल्याकडे 'सर्वानुमते' हा शब्द प्रोसिडिंग बुकात पुष्कळदा सभेआधीच लिहून ठेवलेला असतो!)

हात मोजणाऱ्या सभेत मागे बसलेल्या चार बायका सहज बाजूला पडतात. महाराष्ट्रात २००३ साली ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा कायदा झाला, तो काही उगीच नव्हे. मेंढ्यात बायकांना वगळून निर्णयच होत नाही. दारूचा प्रश्न त्यांनी लावून धरला. गोंडांत देवकार्याला मोहाची दारू लागते, तेव्हा विषय नाजूक. पुनःपुन्हा बोलावे लागले, तेव्हा कोठे सगळ्यांचे एकमत झाले. वेळ फार जातो हा आक्षेप खरा आहे. पण घाईची दारूबंदी किती दिवस टिकते, हे आम्हा बायकांना कोणी सांगायला नको.

२००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१३ साली गावाने आपल्या जमिनी ग्रामदान करण्याचे ठरवले. जमिनीच्या बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात; येथे तर मालकीच सोडायची होती, आणि तीही घरोघरचा होकार मिळवून.