कामाला लागलेली पोरं

१९५० साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकवली गेली, तेव्हा पश्चिमेच्या रेल्वेमार्गावर ती जोगेश्वरीपाशी येऊन थांबली. पूर्वेच्या मार्गावर ती भांडुपपर्यंत गेली. १९५७ साली तीच हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. मधली सात वर्षं मात्र मुंबई जोगेश्वरीत संपत होती. ओशिवरा नदी ओलांडली की गोरेगाव, आणि तिथे तेव्हा ग्रामपंचायत होती.

हद्दीवरच्या वस्तीला सगळंच उशिरा मिळतं. नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा, दवाखाना. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून आणि उत्तरेतून आलेली माणसं जोगेश्वरीच्या टेकड्यांच्या उतारांवर चाळी आणि झोपड्या बांधून राहिली, ती आपली सोय आपणच करत. त्या कामात मुलांचा वाटा नेहमीच मोठा होता. नळावर नंबर लावायला मूल, शेजारच्या आजारी बाईचं औषध आणायला मूल, निरक्षर कामगाराचं गावाकडचं पत्र वाचून दाखवायला चौथी शिकलेलं मूल. याला कोणी सेवा म्हटलं नाही, म्हणून ते कुठे नोंदलंही गेलं नाही. जोगेश्वरीच्या इतिहासात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची शैव लेणी येतात, १९३० साली सुरू झालेलं इस्माईल युसूफ कॉलेज येतं, दंगली येतात. पोरांनी उपसलेले कष्ट येत नाहीत. ते शोधायचे तर थोडं दक्षिणेला आणि थोडं उत्तरेला, रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने चालावं लागतं.

जोगेश्वरीच्या दक्षिणेला अंधेरीपलीकडे विलेपार्ले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची मोठी छावणी इथे उभी राहिली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, स्वामी आनंद ही मंडळी तिथे होती. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी मुलांच्या ‘वानर सेना’ निघाल्या. अलाहाबादेत बारा-तेरा वर्षांच्या इंदिरा नेहरूने काढलेली सेना पुढे प्रसिद्ध झाली, पण मुंबईची पोरंही मागे नव्हती. पहाटे प्रभातफेरी काढायची, निरोप पोचवायचे, बंदी घातलेली पत्रकं वाटायची, मोर्चातल्या माणसांना पाणी द्यायचं. ही कामं मोठ्यांच्या आंदोलनाला लावलेली शोभा नव्हती. मोठे पकडले गेल्यावर पत्रक दुसऱ्या गल्लीत जायचं ते याच मुलांच्या हातून, आणि मूल कमी पडलं तर ते पत्रक पोचत नसे.

स्वातंत्र्यलढ्यातल्या मुलांचं नाव निघालं की महाराष्ट्राला नंदुरबार आठवतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी आपल्या सोबत्यांसह मारला गेला. त्याचं स्मरण राहिलंच पाहिजे. पण मुलांच्या सेवेचा इतिहास हुतात्म्यांपाशी थांबवला की, रोज पाणी भरणारी, निरोप नेणारी आणि जिवंत राहिलेली हजारो मुलं नजरेआड होतात.

नंदुरबारच्या गोळीबाराच्या आदल्याच वर्षी, ४ जून १९४१ रोजी, पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली होती. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. साने गुरुजी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये यांच्यासारखी माणसं पाठीशी होती. संध्याकाळी मैदानात शाखा भरायची. खेळ, कवायत, गाणी, गोष्टी. मुलगे आणि मुली एकाच मैदानावर, सगळ्या जातींची आणि धर्मांची. चाळीसच्या दशकातल्या महाराष्ट्रात एवढी एक गोष्टसुद्धा केवढी मोठी होती! सुटीत श्रमदानाची शिबिरं असत. तिथे रस्ता, विहीर, बांध अशी डोळ्यांना दिसणारी, गावाला उपयोगी पडणारी कामं होत. आठ दिवस घमेली उचललेल्या मुलाला आपण बांधलेल्या रस्त्यावरून बैलगाडी गेलेली पाहता येई.

गोरेगावात या शाखांतून आलेल्या दोन माणसांनी संसार थाटला. केशव ऊर्फ बंडू गोरे आणि मृणाल गोरे. मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून सेवा दलाच्या कामाला वाहून घेतलं होतं. पुढे त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या, हद्द वाढल्यावर मुंबई महापालिकेत गेल्या, आणि पाण्यासाठीच्या लढ्यांमुळे ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकरांबरोबर त्यांनी लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या. बंडू गोरे १९५८ सालीच गेले. त्यांच्या नावाचं स्मारक गोरेगावात आजही काम करतं. या उपनगरांच्या सार्वजनिक जीवनात अशी माणसं पुष्कळ निघाली, ज्यांना समाजकार्याची पहिली ओळख वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी एखाद्या मैदानात झाली. शाखेचं मोल तिथे किती मुलं जमली यावर ठरवू नये. त्यातली किती पुढे नळासाठी भांडली, हे पाहावं.

शाळांतून आलेला दुसरा प्रवाह स्काउटचा. १९०९च्या सुमारास तो भारतात आला तेव्हा त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. १९१८ साली मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या सेवा समितीची संघटना झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली. मराठी शाळांत तिची सगळ्यांत लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे ‘खरी कमाई’. गणवेश घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचं, बूट पॉलिश कर, अंगण झाड, सायकल पूस, आणि मिळालेले पैसे कार्डावर लिहून घ्यायचे. हाताच्या कामाची लाज घालवण्याचा तो साधा आणि चांगला उपाय होता.

मुंबईच्या शाळांत त्याच्या जोडीला आरएसपी आलं, म्हणजे रस्ता सुरक्षा दल. शाळा सुटायच्या वेळी शिट्टी आणि पट्टा लावलेली आठवी-नववीची मुलं रस्त्याच्या तोंडाशी उभी राहत, वाहनं थांबवत आणि बालवाडीच्या पोरांना पलीकडे नेत. विसर्जनाच्या दिवशी तीच मुलं गर्दी आवरायला उभी. पश्चिम द्रुतगती महामार्गाने पूर्वेकडची वस्ती जिथे कापली आहे, अशा उपनगरात रस्ता ओलांडणं हे रोजचं संकट असतं. चौदा वर्षांच्या मुलीने हात वर केला की ट्रक थांबतो, हा अनुभव नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मिळत नाही.

पण सगळ्यांत विलक्षण प्रयोग झाला तो मालाडच्या मालवणीत.

शहराच्या इतर भागांतल्या झोपडपट्ट्या उठवून आणलेल्या कुटुंबांची ती वस्ती. दाटी, अपुरं पाणी, खरूज, हगवण, गोवर. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने तिथे आरोग्यकेंद्र चालवलं होतं. केंद्रातल्या डॉक्टरांपुढची अडचण अशी, की लस आणि औषध असूनही घराघरांत पोचायला माणसं नव्हती. त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. डेव्हिड मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने ‘चाइल्ड-टू-चाइल्ड’ ही कल्पना मांडली होती. गरीब देशांत धाकट्या भावंडांना दिवसभर सांभाळणारी माणसं म्हणजे थोरली भावंडंच. मग आरोग्याचं ज्ञान त्यांनाच का देऊ नये, असा तो विचार.

मालवणीत डॉ. व्ही. आर. भालेराव यांच्या पुढाकाराने महापालिकेच्या शाळेतली मुलं या कामाला लागली. खरूज ओळखायची कशी, हगवण लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, कोणत्या बाळाला कोणती लस बाकी आहे, हे ती शिकली. मग आपलं घर आणि आजूबाजूची घरं त्यांच्याकडे सोपवली गेली. कोण आजारी आहे ते केंद्राला कळवायचं, लस चुकलेलं बाळ आईसह केंद्रावर आणायचं. डॉक्टर भालेराव यांचा या कामावरचा लेख १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वर्ल्ड हेल्थ फोरम’मध्ये छापून आला. त्यात शाळेतल्या मुलांना त्यांनी कुटुंबातले आरोग्याचे पुढारी म्हटलं होतं. पुढे जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना उदाहरण म्हणून मालवणी दाखवली गेली.

या प्रयोगाचं बळ कशात होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. मुलांना परक्या वस्तीत नेलं नाही. त्यांना गरिबांवर उपकार करायला शिकवलं नाही. ती स्वतः त्याच गरिबीत राहत होती. बाळाला लस मिळाली की नाही हे पाहण्याची खरीखुरी जबाबदारी त्यांच्यावर होती आणि मागे विचारणारा डॉक्टर होता. शिवाय दारात उभं राहिलेलं मूल ओळखीचं होतं. अनोळखी परिचारिकेला ‘नको’ म्हणणारी आई शेजारणीच्या मुलीला नको म्हणताना दोनदा विचार करते.

जोगेश्वरीत याच काळात आणखी एक धागा विणला जात होता. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातून आलेले तरुण इथल्या झोपडवस्त्यांतल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये काम करत होते. त्यातून १९८४ साली ‘युवा’ ही संस्था उभी राहिली. मिनार पिंपळे हे तिच्या संस्थापकांपैकी. घराचा हक्क, पाणी, रेशन या प्रश्नांवर वस्तीतल्याच पोरांनी उभं राहावं, हा तिचा आग्रह. पुढे युवाच्या आधाराने मुंबईच्या वस्त्यांतल्या मुलांची बाल अधिकार संघर्ष संघटना झाली. खेळायचं मैदान, शौचालय, अंधारी गल्ली यांबद्दल मुलं स्वतः नगरसेवकांकडे आणि अधिकाऱ्यांकडे बोलू लागली. सेवा दलाच्या पोरांनी रस्ता बांधला होता. ही पोरं रस्ता कोणी बांधायला हवा होता, हे विचारत होती. या विचारण्यालाही समाजसेवाच म्हटलं पाहिजे, आणि ती जास्त अवघड आहे.

११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा आणि मुलांनी एकत्र येण्याचा हक्क त्या संहितेत आहे. त्या दिवशी मुंबईच्या वस्त्या बाबरी मशीद पाडल्यानंतर उसळलेल्या पहिल्या दंगलीतून नुकत्या कुठे बाहेर पडत होत्या. महिन्याभरात मुंबई पुन्हा पेटली. ७ आणि ८ जानेवारी १९९३च्या मधल्या रात्री जोगेश्वरी पूर्वेला गांधी चाळीत एक घर पेटवलं गेलं आणि आतली माणसं मेली. त्या बातमीनंतर शहरभर सूड उसळला. डिसेंबर आणि जानेवारी मिळून नऊशे माणसं मारली गेली, असा हिशोब न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मांडला. बहुसंख्य मुसलमान होते, हिंदूही शेकड्यांनी होते.

जोगेश्वरीची एक पिढी त्या वर्षात मोठी झाली. एका शाळेत बसणारी मुलं वेगवेगळ्या गल्ल्यांत विभागली गेली. घरं बदलली, मैदानं वाटली गेली. १९९४च्या सुमारास तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलियो रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांतून मुंबईत मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. त्यांनी वस्त्यांतली हिंदू-मुसलमान पोरं आणि पोलीस यांना क्रिकेटच्या मैदानावर एकत्र आणलं. अफवा उठली की खरं काय ते विचारायला ज्याच्याकडे जाता येईल असा पलीकडच्या गल्लीतला ओळखीचा माणूस असणं, हे दंगलग्रस्त वस्तीत अमोल असतं. अशी ओळख खेळातून जितकी सहज होते तितकी सभेतून होत नाही.

शाळांनी समाजसेवा हा विषय केला, त्याला श्रेणी दिली, वह्या आणि प्रकल्प आले. आता उंच इमारतींतल्या मुलांना परदेशी प्रवेशासाठी सेवेचं प्रमाणपत्रही लागतं. झाडू हातात धरून फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी कचरा तिथेच असतो. दोष मुलांचा नाही. त्यांना काम दिलं जातं, पण त्या कामाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मालवणीत ते विचारलं जात होतं.

जोगेश्वरीत आजही हे विचारणारी एक जुनी जागा आहे: गल्लीचं मंडळ. गणपतीच्या आधी बालगोपाळ मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. दहा रुपयांची पावती फाडायची, हिशोब जुळवायचा आणि कमी पडले तर सांगायचं का कमी पडले. सार्वजनिक पैशाचा हिशोब द्यायचा असतो, हे अनेक जण तिथेच पहिल्यांदा शिकले. दहीहंडीच्या गोविंदा पथकांनी तर जोगेश्वरीचं नाव जगभर नेलं. जय जवान पथकाने २०१२ साली नऊ थर लावले आणि २०२५ साली कोकण नगरच्या पथकाने ठाण्यात दहा. सगळ्यांत वरच्या थरावर पूर्वी लहान मूलच चढायचं, आणि पडून जायबंदी झालेल्या मुलांच्या बातम्या दरवर्षी येत. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना थरांत घेण्यास मनाई केली. २०१७ साली ही मर्यादा चौदा वर्षांवर आली. वयाची मर्यादा घातली गेली हे योग्यच झालं. मूल कामाचं आहे म्हणून त्याचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेला नाही. थरांखाली करण्यासारखं पुष्कळ उरतं: सरावाला पाणी पुरवणं, मलमपट्टीची पेटी सांभाळणं, वर्गणीचा हिशोब, मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी घरोघर नावं लिहून घेणं आणि नाव दिलेला माणूस आला नाही तर त्याच्या दारावर पुन्हा जाणं.