खाचेत बसले, तरी जुळले का?

शाळेच्या कपाटात 2004-05 च्या सुमाराचा एखादा डिजिटल कॅमेरा पडून असतो. सहलीच्या आदल्या दिवशी त्याची आठवण होते. जुने कार्ड सापडत नाही, म्हणून बाजारातून 64 जीबीचे नवे एसडी कार्ड आणले जाते. ते खाचेत अगदी बरोबर बसते. पण पडद्यावर अक्षरे उमटतात, 'कार्ड एरर'. कोणी म्हणते कॅमेरा बिघडला, कोणी म्हणते कार्ड नकली आहे. पुष्कळदा दोन्ही ठणठणीत असतात. मग घोडे अडते कुठे? याचे उत्तर मेमरी कार्डांच्या इतिहासात आहे, आणि ते समजायला दहावीपर्यंतचे गणित पुरते.

1975 साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे छायाचित्र साठवले जाई ते साध्या कॅसेटच्या फितीवर, आणि एका चित्राला 23 सेकंद लागत. 1988 साली फुजीने दाखवलेल्या डीएस-1पी या कॅमेऱ्यात फितीच्या जागी चिपचे कार्ड आले. मात्र त्यातील माहिती टिकवण्यासाठी कार्डाला सतत बॅटरीचा आधार लागे. बॅटरी संपली की चित्रेही गेली!

ही अडचण सुटली ती फ्लॅश स्मृतीमुळे. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 1984 साली ती जगापुढे मांडली. यात विद्युतभार सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेला असतो, त्यामुळे वीज बंद झाली तरी नोंद पुसली जात नाही. पुसायचे ठरवले, तर मोठा भाग एकदम पुसता येतो. हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव रूढ झाले.

पुढे कार्डांचे पेव फुटले. 1994 मध्ये सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश, 1995 मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया, 1998 मध्ये सोनीचे मेमरी स्टिक, 2002 मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे एक्सडी. प्रत्येकाचा आकार वेगळा. ग्राहकाची गैरसोय होई. पण चुकीचे कार्ड खाचेत जातच नसे, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळे.

1999 साली पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता), सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. 32 मिलिमीटर लांब, 24 मिलिमीटर रुंद. हळूहळू बाजार या कार्डाने व्यापला; 2010 साली सोनीनेही आपल्या कॅमेऱ्यांत त्याला जागा दिली. कार्डांची क्षमता वाढत गेली, तरी बाह्य आकार तोच ठेवला गेला. आपल्या कोड्याचे मूळ येथेच आहे.

कार्डावर लाखो कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. हा क्रमांक किती आकडी असावा, हे नियमावली आधीच ठरवते. मुंबईचे सात आकडी दूरध्वनी क्रमांक अपुरे पडले, तेव्हा ते आठ आकडी करावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. सातच चौकटी छापलेल्या जुन्या अर्जात आठवा आकडा लिहिणार कुठे? कॅमेऱ्याचेही तसेच होते.

पहिल्या एसडी कार्डांवर फाइलींची नोंदवही फॅट16 पद्धतीची होती. तिच्यात कप्प्याचा क्रमांक 16 द्विमान अंकांचा, म्हणजे जास्तीत जास्त 2¹⁶ = 65,536 कप्पे. एक कप्पा फार तर 32 केबीचा. गुणाकार केला की उत्तर येते 2 जीबी. (येथे 1 जीबी म्हणजे 1024 एमबी.) 1999 साली ही मर्यादा फार दूरची वाटली असावी, सात वर्षांतच ती ओलांडावी लागली.

2006 साली एसडीएचसी आले. पूर्वी कॅमेरा कार्डावरील एकेक बाइट 32 अंकी क्रमांकाने मोजत असे. आता त्याच 32 अंकांनी 512 बाइटांचा एकेक गठ्ठा मोजायचा ठरले. नोंदवही फॅट32 झाली आणि मर्यादा 32 जीबी ठरली. 2009 साली एसडीएक्ससी आले. त्याची नोंदवही एक्सफॅट आणि मर्यादा 2 टीबी. ही 2 टीबी आली कुठून? 2³² ला 512 ने गुणून पाहा. 2018 साली जाहीर झालेल्या एसडीयूसीत क्रमांक 38 अंकी झाला. मर्यादा किती झाली असेल, ते विद्यार्थ्यांना काढू द्यावे. (उत्तर: 128 टीबी.)

यातून निवडीचा साधा नियम मिळतो. नव्या यंत्राला जुन्या कार्डाची भाषा कळते. जुन्या यंत्राला नव्याची कळेलच असे नाही. म्हणून कार्ड घेण्यापूर्वी कॅमेऱ्यावरील किंवा माहितीपुस्तिकेतील खूण पाहावी. नुसते एसडी असेल तर 2 जीबीपर्यंतचे, एसडीएचसी असेल तर 32 जीबीपर्यंतचे कार्ड घ्यावे. मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरले, तरी हाच नियम लागू होतो; अडॅप्टर केवळ आकार बदलतो.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. छायाचित्रांनी भरलेले नवे कार्ड जुन्या संगणकात घातले, तर 'फॉरमॅट करायचे का?' असा प्रश्न येऊ शकतो. त्याचा खरा अर्थ 'मला ही नोंदवही वाचता येत नाही' एवढाच असतो. तेथे 'होय' म्हटले, की कोरी नोंदवही तयार होते आणि स्नेहसंमेलनाची सारी छायाचित्रे हातची जाऊ शकतात. 'नाही' म्हणावे, कार्ड काढावे आणि ज्या कॅमेऱ्यात ते भरले त्यातच पुन्हा घालून पाहावे. चित्रे बहुधा जागच्या जागी सापडतील.