इंजिन ट्यूनिंग (मोटारगाडी)

इंजिन ट्यूनिंग म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनाचे सुटे भाग, त्यांची जुळणी किंवा नियंत्रण संगणकातील आज्ञावली बदलून इंजिनाची शक्ती, टॉर्क अथवा प्रतिसाद वाढवण्याची प्रक्रिया होय. हे काम दोन ठिकाणी होते. उत्पादक कंपनी कारखान्यातच एखाद्या प्रतिकृतीची अधिक शक्तिशाली आवृत्ती तयार करते, किंवा गाडी विकली गेल्यानंतर मालक बाहेरच्या गॅरेजमध्ये तिच्यात बदल करून घेतो. पहिल्या प्रकाराला कारखानी ट्यूनिंग व दुसऱ्याला आफ्टरमार्केट ट्यूनिंग म्हणतात. भारतात बनलेल्या गाड्यांमध्ये कारखानी ट्यूनिंगचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेली अबार्थ पुंटो ही गाडी आहे.

मापन

इंजिनाची शक्ती अश्वशक्तीत सांगण्याची प्रथा जेम्स वॅटपासून आहे. ब्रिटिश अश्वशक्ती (बीएचपी) ७४५.७ वॅट, तर मेट्रिक अश्वशक्ती (पीएस) ७३५.५ वॅट इतकी असते. भारतीय माहितीपत्रकांत दोन्ही एककांचा वापर होत असल्याने एकाच गाडीचे दोन आकडे दिसतात. १४५ बीएचपी आणि १४७ पीएस ही एकच शक्ती आहे. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल की, बोरघाटाच्या पायथ्याशी १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राची आजची ७२ मेगावॅट क्षमता सुमारे ९६,५०० बीएचपी, म्हणजे साडेसहाशेहून अधिक अबार्थ पुंटोंच्या इंजिनांएवढी भरते.

शक्ती हा टॉर्क व फेरे यांचा गुणाकार असतो. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७,०२३ ने भागले की मेट्रिक अश्वशक्ती मिळते. शक्ती वाढवण्याचे मार्ग त्यामुळे दोनच उरतात: तेवढ्याच फेऱ्यांना अधिक टॉर्क मिळवणे, किंवा मिळणारा टॉर्क अधिक फेऱ्यांपर्यंत टिकवणे. जाहिरातींतील बहुतेक दावे या दृष्टीने तपासून पाहता येतात.

उत्पादक जाहीर करतात ती शक्ती इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर मोजलेली असते. गॅरेजमधील डायनोवर, म्हणजे चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गिअरबॉक्स व टायरमधील घट वजा झालेली असते. दोन चाके चालवणाऱ्या गाड्यांत ही घट साधारणपणे १० ते १५ टक्के धरली जाते. चाकांवरील आकड्यावरून क्रँकशाफ्टचा आकडा काढताना गृहीत धरलेली टक्केवारी थोडी वाढवली, तरी कागदावर शक्ती वाढते. म्हणून बदलांपूर्वीची व नंतरची मोजणी एकाच यंत्रावर, एकाच दिवशी व एकाच इंधनावर झालेली असेल तरच ती तुलनेस योग्य ठरते.

शक्ती कशी वाढते

इंजिनात जाळता येणाऱ्या इंधनाचे प्रमाण आत जाणाऱ्या हवेवर ठरते. टर्बोचार्जर नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच हवा घेते. अशा इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलल्यास, म्हणजे रीमॅप केल्यास, ठिणगीची वेळ व इंधनाचे प्रमाण थोडे सुधारते. वाढ मात्र काही टक्क्यांपलीकडे जात नाही. जास्त उघडणारे कॅमशाफ्ट, सिलिंडर हेडमधील वायुमार्ग घासून मोठे करणे, दाबगुणोत्तर वाढवणे अशी खर्चिक कामे केल्याशिवाय मोठा फरक पडत नाही.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत परिस्थिती वेगळी असते. तेथे हवेचा दाब संगणकाच्या हुकमतीखाली असल्याने केवळ आज्ञावली बदलून २० ते ३० टक्के शक्ती वाढू शकते. ही शक्ती शून्यातून येत नाही. कमी प्रतीचे इंधन, उन्हाळ्यातील गरम हवा, गाळाने भरलेले फिल्टर आणि लाखो किलोमीटरांचे आयुष्य यांसाठी उत्पादकाने राखून ठेवलेली सवलत ट्यूनर खर्चून टाकतो. गिअरबॉक्स व क्लच पेलतील तेवढाच टॉर्क देणे, हेही त्या सवलतीचे एक कारण असते.

सुट्या भागांपैकी सर्वाधिक विकला जाणारा, कमी अडथळ्याचा हवेचा फिल्टर, एकट्याने फारसे काही साधत नाही. वाढतो तो मुख्यतः हवा ओढण्याचा आवाज. टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा रुंद नळ व मोठा इंटरकूलर यांचा परिणाम खरा असतो, पण तो आज्ञावली त्यांना जुळवून घेतल्यावरच दिसतो. टर्बोचार्जरच बदलल्यास वाढ सर्वांत मोठी मिळते. त्याबरोबर इंजेक्टर, इंधनपंप, क्लच आणि पुष्कळदा पिस्टनही बदलावे लागतात.

इंधनाचाही यात वाटा असतो. ऑक्टेन अंक कमी असल्यास दाबाखालील मिश्रण अनियंत्रितपणे जळते. त्याला नॉकिंग म्हणतात. ते जाणवताच संगणक ठिणगी उशिरा देतो आणि वाढवलेली शक्ती परत जाते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असतो, परंतु दर लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर ट्यूनिंगला वाव मिळतो, पण इंधन अधिक लागते. त्यासाठी गाडीच्या इंधनयंत्रणेचे भाग अशा मिश्रणास योग्य असावे लागतात.

अबार्थ आणि रांजणगाव

कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत स्थापन केलेल्या कंपनीचा सुरुवातीचा व्यवसाय लहान फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर व शक्तिवृद्धीचे संच विकण्याचा होता. आज ज्याला आफ्टरमार्केट म्हणतात, त्याच धंद्यातून ती वाढली. १९७१ मध्ये फियाटने ही कंपनी विकत घेतली आणि बाहेरचा ट्यूनर कारखान्याच्या आत आला. वृश्चिकाचे चिन्ह मात्र कायम राहिले.

२००७ मध्ये युरोपात आलेल्या अबार्थ ग्रांदे पुंटोमध्ये १,३६८ घनसेंमीचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन १५५ पीएस देत असे. 'एस्सेएस्से' नावाचा अधिकृत संच बसवल्यावर तेच इंजिन १८० पीएसपर्यंत जाई. हा संच लाकडी पेटीतून येत असे. गाडी विकल्यानंतर बसवला जाणारा, पण उत्पादकाचाच असलेला हा संच कारखानी व आफ्टरमार्केट यांच्या मधली पायरी म्हणता येईल.

रांजणगाव येथील फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यातून टी-जेट इंजिन भारतीय खरेदीदारांपर्यंत प्रथम लिनिया गाडीतून पोहोचले. तेथे त्याची शक्ती ११४ पीएस व टॉर्क २०७ न्यूटन-मीटर होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोत त्याच घनक्षमतेच्या इंजिनातून १४७ पीएस व २१२ न्यूटन-मीटर मिळू लागले. किंमत दिल्लीत कर व नोंदणीपूर्व ९.९५ लाख रुपये होती.

या आकड्यांत एक गोष्ट लक्ष वेधते. शक्ती सुमारे २९ टक्क्यांनी वाढली, पण कमाल टॉर्क जेमतेम ५ न्यूटन-मीटरने. वर दिलेल्या सूत्राने हिशेब केल्यास उलगडा होतो. लिनियाची कमाल शक्ती ५,००० फेऱ्यांना मिळत असे, म्हणजे तेथे टॉर्क सुमारे १६० न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असे. अबार्थमध्ये ५,५०० फेऱ्यांनाही तो सुमारे १८८ न्यूटन-मीटर टिकून होता. इंजिन अधिक जोराने पिळलेले नाही, तर त्याचा दम अधिक फेऱ्यांपर्यंत पुरवलेला आहे. शहरात २,००० फेऱ्यांवर चालवताना दोन्ही गाड्यांत मोठा फरक जाणवू नये, असेच हे आकडे सुचवतात. फरक वरच्या फेऱ्यांत आहे.

कारखान्याने इंजिनापुरते थांबणे पसंत केले नाही. अबार्थ पुंटोला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, सस्पेन्शन कडक केले आणि गाडी खाली आणून जमिनीपासूनचे अंतर १५५ मिलिमीटर केले. भारतीय गतिरोधकांवर या शेवटच्या बदलाची किंमत मालकांना मोजावी लागली. विक्री मर्यादितच राहिली आणि पुढे पुंटोचे उत्पादन बंद झाले.

टाटा मोटर्सने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जसह ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलेल्या टियागो जेटीपी व टिगोर जेटीपी या गाड्यांचा मार्ग निराळा होता. साध्या टियागोतील ८५ पीएसच्या टर्बोविरहित इंजिनाऐवजी त्यांत ११४ पीएसचे १.२ लिटर टर्बो इंजिन बसवले होते. तो प्रयोगही अल्पजीवी ठरला.

डिझेल गाड्यांतही हाच प्रकार दिसतो, फक्त त्याला कोणी स्पोर्ट्स आवृत्ती म्हणत नाही. फियाटचे १,२४८ घनसेंमीचे मल्टीजेट इंजिन भारतात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरले गेले. स्थिर रचनेच्या टर्बोसह ते सुमारे ७५ पीएस व बदलत्या रचनेच्या टर्बोसह सुमारे ९० पीएस देई.

बोरघाटातील प्रत्यय

मुंबई-पुणे मार्गावरील खोपोली ते खंडाळा ही चढण वाढीव शक्तीची परीक्षा मानली जाते. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर, तर लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. या ५६० मीटरच्या चढाईत हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. टर्बोविरहित इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. वरच्या थंड हवेने त्यातील थोडीशी भरून निघते. टर्बोचार्जर अधिक फिरून ही घट भरून काढतो. घाटात टर्बो गाडी 'हलकी' वाटते, त्यामागे हे एक कारण आहे.

परंतु चढण्यासाठी किती शक्ती लागते? १,२०० किलोग्रॅमची गाडी दहा मिनिटांत ५६० मीटर वर नेण्यास केवळ सुमारे १५ अश्वशक्ती पुरते. हवेचा व टायरचा विरोध, गिअरमधील घट आणि वेग वाढवणे यांसाठी लागणारी शक्ती यात मिळवली, तरी साध्या गाडीचे इंजिन क्वचितच पुरते वापरले जाते. घाटात पुढे अवजड वाहनांची रांग असताना तर ७५ आणि १४५ अश्वशक्ती सारख्याच गतीने चढतात.

उतरताना मात्र तीच ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. इंजिन सुधारून ब्रेक व टायर मूळचेच ठेवलेल्या गाडीचा धोका येथे उघड होतो. वेग लवकर वाढतो, थांबण्याचे अंतर तेवढेच राहते किंवा ब्रेक तापल्यावर वाढते. पावसाळ्यात धुके व ओल्या रस्त्यामुळे ते आणखी लांबते. वाढीव शक्ती वापरण्याची रीतसर जागा म्हणजे बंदिस्त मार्ग किंवा स्पर्धा. लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. मोठे कायमस्वरूपी शर्यतमार्ग मात्र चेन्नई, कोइम्बतूर व ग्रेटर नोएडा येथे आहेत.

कायदा, विमा आणि हमी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू होते असे स्पष्ट केले. नोंदणीच्या अर्जात घनक्षमता व सिलिंडरांची संख्या यांबरोबर अश्वशक्तीचाही रकाना असतो, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. मान्यताप्राप्त सीएनजी वा एलपीजी संच, दिव्यांग चालकांसाठीचे बदल आणि परवानगीने त्याच प्रकारचे इंजिन बसवणे यांना वाट आहे. संचांची चाचणी व प्रमाणन करणाऱ्या संस्थांत पुण्यातील एआरएआय प्रमुख आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रत्यक्षात रस्त्यावरील तपासणीत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लगेच सापडतो, रीमॅप दिसत नाही. ट्यूनिंगचा धंदा मुख्यतः या फरकावर चालतो. डिझेल गाड्यांत शक्ती वाढवण्यासाठी धूर गाळणारा फिल्टर काढून टाकण्याची पद्धत याहून गंभीर आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांचा हेतूच त्याने निष्फळ होतो, आणि धूर इतरांच्या श्वासात जातो.

हमीच्या काळात आज्ञावली बदलल्याचे अधिकृत सेवाकेंद्राच्या निदानयंत्राला अनेक गाड्यांत कळते. मूळ आज्ञावली परत भरली तरी पुनर्लेखनाची नोंद राहू शकते. तशी नोंद आढळल्यास इंजिन व गिअरबॉक्सची हमी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या पाहणीत आढळल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. कारखान्यातून १४७ पीएससह आलेली गाडी आणि गॅरेजमध्ये १४७ पीएसवर नेलेली गाडी यांतील खरा फरक पुष्कळदा याच कागदपत्रांत असतो: पहिलीची शक्ती नोंदणी प्रमाणपत्राशी जुळते, तिचे ब्रेक त्या शक्तीसाठी तपासलेले असतात, आणि विम्याचा हप्ता त्याच गाडीसाठी आकारलेला असतो.