कुप्फर पेशी : निरीक्षणाकडून विलगीकरणाकडे

यकृतातील रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासाचा इतिहास एका चुकीच्या ओळखीपासून सुरू होतो. १८७६ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यकृतातील मज्जातंतू शोधत होते. गोल्ड क्लोराइडने रंगविलेल्या छेदांत त्यांना ताऱ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पुढे त्यांनी या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराचाच भाग मानल्या. पोलिश विकृतिशास्त्रज्ञ तादेउश ब्रोविच यांनी मात्र १८९८ च्या सुमारास त्या वाहिनीच्या आतील भक्षक पेशी असल्याचे प्रतिपादन केले. नाव कुप्फर यांचेच राहिले.

केवळ छेद पाहून जिवंत पेशीचे कार्य तपासता येत नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतील पेटन राउस व जोसेफ बिअर्ड यांनी प्राण्यांच्या रक्तात चुंबकाकडे ओढले जाणारे लोहकण सोडले. ते गिळलेल्या पेशी यकृतातून चुंबकाने वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढविता आल्या. १९६९ मध्ये बेरी व फ्रेंड यांनी उंदराच्या यकृतातून कोलॅजिनेज हे विकर वाहवून ऊती सुटी केली. त्यांचा उद्देश यकृतपेशी मिळविणे हा होता. तीच पद्धत पुढे रोगप्रतिकारक पेशींसाठीही वापरात आली. सेंट्रिफ्यूज मंद फिरविल्यास जड यकृतपेशी तळाशी बसतात आणि हलक्या रोगप्रतिकारक पेशी वरच्या द्रवात उरतात.

तथापि प्रत्येक पद्धत निवड करते. चुंबक लोह न गिळलेली पेशी सोडून देतो. विकरामुळे पेशीपृष्ठावरील काही ओळखखुणा नष्ट होऊ शकतात. म्हणून विद्यार्थ्यांना निष्कर्ष शिकविताना तो ज्या पद्धतीने हाती आला, तीही शिकविणे आवश्यक ठरते.